तरुण मत देत नाहीत? आधी यादी बघा

७ मे २०२४. लोकसभेच्या तिसऱ्या टप्प्यात त्या एका दिवशी बेळगाव, चिक्कोडी, कोल्हापूर, सांगली, गोव्याच्या दोन्ही जागा, वडोदरा आणि ग्वाल्हेर इथं मतदान झालं. पुण्याचं मतदान सहा दिवसांनी, १३ मे रोजी होतं. इंदूर आणि हैदराबादचंही त्याच दिवशी. आता बेळगाव तालुक्यातला एखादा मुलगा पुण्यात होस्टेलवर राहून शिकतोय असं धरा. नाव गावच्या यादीत, मुक्काम पुण्यात, परीक्षा तोंडावर. ७ तारखेला गावी यायला जमलं नाही. १३ तारखेला पुण्यात मित्रमंडळी बोटाला शाई लावून फोटो टाकत होती, पण त्याला तिथं मत देता येत नव्हतं. आणि संध्याकाळच्या टीव्ही चर्चेत कुणीतरी म्हणणारच, "तरुणांना मतदानाची पर्वाच नाही."

हे वाक्य दर निवडणुकीला ऐकू येतं. त्याला आधार किती, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

वयाचा आकडा कुठून येतो?

मतदान संपलं की टक्केवारी जाहीर होते ती पुरुष, स्त्रिया आणि तृतीयपंथी अशा वर्गवारीनं. वयोगटानुसार किती जणांनी मत दिलं, हे निकालाच्या नेहमीच्या अधिकृत अहवालांत नसतं. केंद्रावरच्या नोंदवहीत मतदाराचा यादीतला अनुक्रमांक, ओळखपत्राचा तपशील आणि सही असते, वय नसतं. म्हणजे "यंदा तरुणांनी पाठ फिरवली" असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते बहुतेक वेळा अंदाजपंचे असतं. वयाबद्दल जे काही हाती आहे ते सर्वेक्षणांतून. त्यातलं सगळ्यात जुनं आणि सातत्यानं चाललेलं काम सीएसडीएस-लोकनीतीचं. त्यांच्या अभ्यासात १८ ते २५ वयोगट बराच काळ सरासरीच्या किंचित मागे दिसायचा. २०१४ साली मात्र तो सरासरीच्याही थोडा पुढे गेला.

खरी गळती वेगळीकडे आहे. २०२४ च्या लोकसभेआधी निवडणूक आयोगानं १८-१९ वयाचे सुमारे १.८४ कोटी मतदार यादीत असल्याचं सांगितलं. त्या वयाची देशातली अंदाजित लोकसंख्या ४.९ कोटींच्या घरात. म्हणजे दहातले चारसुद्धा नोंदलेले नव्हते. राज्याराज्यांतला फरक तर डोळ्यांत भरणारा: तेलंगणात या वयाची सुमारे दोन-तृतीयांश मुलं यादीत होती, महाराष्ट्रात जेमतेम चौथा हिस्सा.

इथं एक गंमत लक्षात घ्या. ज्याचं नाव यादीतच नाही, तो मतदानाची टक्केवारी कमी करत नाही. टक्केवारी काढतात ती यादीतल्या नावांवर. टक्का खाली ओढतो तो यादीत असलेला आणि त्या दिवशी तिथं नसलेला माणूस. त्यात बाहेरगावी शिकणारी-नोकरी करणारी मुलं येतात, घर बदलून गेलेली कुटुंबं येतात, आणि वारलेल्यांची न काढलेली नावंही येतात. २०२४ मध्ये चिक्कोडीत ७८ टक्क्यांच्या वर मतदान झालं, कोल्हापुरात ७१ च्या वर, पुण्यात ५४ च्या आत आणि हैदराबादेत ४९ च्या आत. पुण्या-हैदराबादेत मुलं जास्त म्हणून टक्का कमी, असं सर्रास बोललं जातं. पण त्या मुलांपैकी बरीचशी त्या शहराच्या यादीतच नसतात. ती गैरहजर लागतात ती आपापल्या गावी.

"अठरा पूर्ण झाली, आता नाव येईलच"

येत नाही. आधार कार्ड आहे, रेशन कार्डात नाव आहे, कॉलेजात प्रवेश आहे, यातल्या कशानंही नाव मतदार यादीत आपोआप चढत नाही. फॉर्म ६ भरावाच लागतो. मतदार सेवा पोर्टलवर किंवा आपल्या भागाच्या बीएलओकडे तो भरता येतो, आणि अडलं तर १९५० हा क्रमांक आहे.

मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते ६१ व्या घटनादुरुस्तीनं. ती २८ मार्च १९८९ रोजी लागू झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या लोकसभेला अठरा वर्षांच्या मुलांनी पहिल्यांदा मत दिलं. पण वय बदललं तरी एक जुनी अडचण कायम राहिली. वय मोजायची तारीख वर्षातून एकच, १ जानेवारी. ज्याचा वाढदिवस २ जानेवारीला, तो थेट पुढच्या वर्षी. हे २०२१ च्या कायदादुरुस्तीनं बदललं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात अजून जुनाच नियम बसलेला असतो. "पुढच्या जानेवारीत बघू" हे त्यातूनच येतं.

दुसरी गफलत शेवटच्या तारखेची. निवडणूक जाहीर झाल्यावरही अर्ज घेतले जातात हे खरं. पण उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. तशी कायद्यातच तरतूद आहे. शिवाय अर्जावर हरकतीसाठी आठवडाभर द्यावा लागतो. म्हणून त्या मुदतीच्या निदान दहा दिवस आधी अर्ज गेला तरच उपयोग. प्रचाराचे भोंगे ऐकू यायला लागल्यावर जाग आली तर उशीर झालेला असतो.

पंचायत-पालिकांचं गणित आणखी निराळं. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांसाठी विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची घेऊन प्रभागांत वाटतात. २०२५ साली ती तारीख १ जुलै होती. त्यानंतर नाव चढलेल्यांना त्या मतदानाला केंद्रावरून परत जावं लागणार, हे उघडच होतं.

गावचं नाव की शहरातलं?

सीमाभागातल्या घरांत सगळ्यात जास्त घोळ याच प्रश्नावर होतो.

कायद्याचा शब्द आहे "सर्वसाधारणपणे रहिवासी". जिथं माणूस नेहमी राहतो तिथं त्याचं मत. गावात वडिलोपार्जित घर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्यानं तिथला मतदार होता येत नाही. उलट चार महिने बाहेरगावी गेलं म्हणून नाव कापलंही जात नाही. विद्यार्थ्यांसाठी आयोगानं यात मुभा ठेवली आहे. होस्टेलवर, मेसवर किंवा खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला आई-वडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवायचं की शिकतो त्या गावी नोंदवायचं, हे तो स्वतः ठरवू शकतो. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि कॉलेजचं बोनाफाईड सर्टिफिकेट जोडायचं. राज्य बदललं तरी हा हक्क बदलत नाही. निपाणीची मुलगी कोल्हापुरात नाव नोंदवू शकते, सावंतवाडीचा मुलगा पणजीत.

अनेक पालक इथं बिचकतात. नाव महाराष्ट्रात नेलं तर कर्नाटकातला रहिवास जाईल, कोट्यातली जागा जाईल, अशी धास्ती असते. मतदार यादी आणि रहिवास दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचे नियम वेगळे, अधिकारीही वेगळे. हीच गोष्ट उलट बाजूनंही खरी. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्र सरकार शिक्षणात काही सवलती देतं, त्यासाठी दाखलेही मिळतात. त्या दाखल्यावर महाराष्ट्रात मत देता येत नाही. जोवर मुक्काम बेळगावात, तोवर मत बेळगावात.

नाव आधी गावी असेल आणि आता शहरात हलवायचं असेल, तर नवा फॉर्म ६ भरायचा नाही. त्यासाठी फॉर्म ८. सायबर कॅफेवाले बऱ्याचदा सरळ फॉर्म ६ च भरून देतात. त्यात "माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही" असं प्रतिज्ञापन असतं, आणि ते खोटं निघालं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. मुलाला माहीतही नसतं की आपण कशावर सही केली.

दोन ठिकाणी नाव असेल तर दोन्हीकडे मत दिलं म्हणून बिघडलं कुठं, असंही काही जण हसत हसत विचारतात. एकाच सार्वत्रिक निवडणुकीत एकाच प्रकारच्या दोन मतदारसंघांत मत दिलं तर कायद्यानं दोन्ही मतं बाद. याचं जिवंत उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यात आहे. जिवती तालुक्यातली १४ गावं महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही आपली म्हणतात. तिथल्या लोकांकडे दोन-दोन रेशन कार्डं, दोन-दोन मतदार ओळखपत्रं. २०२४ ला चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला आणि आदिलाबादचं १३ मे रोजी, म्हणजे मध्ये तीन आठवड्यांहून जास्त अंतर. एकदाच मत द्या, असं प्रशासनाला त्या गावांना मुद्दाम सांगावं लागलं. गावकऱ्यांना दोष देणं सोपं आहे. पण तिथं शाळा दोन सरकारांच्या, रस्ते दोन सरकारांचे, मग अठरा वर्षांच्या पोरानं फॉर्म कुठला भरायचा हे त्याला आधी कुणीतरी ठरवून द्यायला हवं की नको?

कार्ड, चिठ्ठी आणि व्हॉट्सअ‍ॅपचं 'चॅलेंज व्होट'

"व्होटर कार्ड आहे ना, मग मत देता येणारच" हा समज मोठ्या माणसांतही पक्का आहे. मतदानाचा हक्क मिळतो तो यादीतल्या नावानं. कार्ड फक्त ओळख पटवायला. नाव आहे आणि कार्ड सापडत नाही, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक अशी दुसरी कागदपत्रं चालतात. कार्ड आहे आणि नाव नाही, तर काही चालत नाही. घरी येणारी मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून एकटी चालत नाही. तिच्यासोबत वरीलपैकी काहीतरी लागतं.

सीमेवरच्यांच्या कामाचे दोन नियम. एक, दुसऱ्या मतदारसंघात मिळालेलं जुनं कार्ड घेऊन आलात तरी चालतं, फक्त नाव त्या केंद्राच्या यादीत हवं. दोन, नावाच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ चुकांवरून कुणाला परत पाठवू नये, ओळख पटली की पुरे, असं आयोगाचं सांगणं आहे. मराठी नाव आधी कन्नड किंवा तेलुगूत आणि तिथून इंग्रजीत जाताना त्याचं काय होतं, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. तरी फॉर्म ८ भरून दुरुस्ती करून घेतलेली बरी, कारण केंद्रावरचा प्रत्येक कर्मचारी नियम वाचून आलेला असतोच असं नाही.

दर निवडणुकीच्या आदल्या रात्री एक मेसेज फिरतो: यादीत नाव नसेल तर आधार दाखवा, 'कलम ४९ अ' सांगा आणि 'चॅलेंज व्होट' मागा. हे साफ खोटं आहे. यादीत नाव नसताना मत देण्याची कुठलीही वाट नाही. त्याच मेसेजमधला दुसरा भाग अर्धा खरा असतो. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल आणि तुम्ही ओळख पटवून दिलीत, तर १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या ४९ पी खाली तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. ही मतं वेगळ्या पाकिटात ठेवतात. अशी १४ टक्के मतं झाली की त्या केंद्रावर फेरमतदान होतं, ही पुढची शेपटी मात्र कुणीतरी मनानं जोडलेली आहे.

नोटा दाबला की काय होतं?

नव्या मतदारांत नोटाबद्दल फार मोठ्या अपेक्षा असतात. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते, उभ्या उमेदवारांना पुन्हा उभं राहता येत नाही, वगैरे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हा पर्याय यंत्रावर आला. लोकसभा-विधानसभेत त्याचा निकालावर काही परिणाम होत नाही. उमेदवारांत ज्याला जास्त मतं, तो विजयी.

इंदूरच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. २०२४ मध्ये तिथं काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी माघार घेतली आणि पक्षानं नोटाचं बटण दाबायचं आवाहन केलं. नोटाला २,१८,६७४ मतं पडली. त्याआधीचा विक्रम बिहारमधल्या गोपाळगंजचा होता, २०१९ चा, ५१,६६० मतांचा. पण भाजपचे शंकर लालवानी १२,२६,७५१ मतं घेऊन निवडून आले, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराशी त्यांचं अंतर मोजलं तेव्हा नोटा त्यात धरलाच गेला नाही. ते ११,७५,०९२ भरलं. सुरतेत तर त्याच वर्षी भाजपचा उमेदवार बिनविरोध आला, त्यामुळे मतदानच झालं नाही. पहिल्यांदा नाव नोंदवलेल्या तिथल्या मुलांना नोटासुद्धा दाबता आला नाही.

महाराष्ट्रात २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव या दोन जागांवर नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. निषेध म्हणून तो आकडा बोलका असतो, आणि पक्ष तो वाचतातही. निवडणूक रद्द होण्याची गोष्ट महाराष्ट्रात फक्त स्थानिक निवडणुकांना लागू आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं तिथं नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायचा आदेश काढला. बहुधा त्या बातमीतूनच हा समज सगळीकडे पसरला असावा.

गावी यायला जमत नसेल तर

टपाली मतदान विद्यार्थ्यांना मिळत नाही. ते सैन्यातल्यांना, निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यांना, ८५ वर्षांवरच्यांना, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना आणि ठरावीक अत्यावश्यक सेवांना. मोबाईलवरून मत देण्याची सोय या निवडणुकांत नाही. बाहेरगावी राहणाऱ्यांना आहे तिथूनच मत देता यावं म्हणून आयोगानं एक यंत्र तयार केलं होतं. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांपर्यंत मतदान घेता येईल अशी त्याची रचना होती. १६ जानेवारी २०२३ रोजी पक्षांना ते दाखवायला बोलावलं. पक्षांनी शंका काढल्या, आणि गाडी तिथंच अडली. सीमाभागातून रोजगारासाठी पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांच्या दृष्टीनं कामाची गोष्ट तीच होती.

नोकरी करणाऱ्यांच्या बाजूनं मात्र कायदा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावीच लागते. खासगी कंपनी, दुकान, हॉटेल, सगळ्यांना ते लागू आहे, रोजंदारीवरच्यांनाही. काम पुण्यात आणि नाव बेळगावच्या यादीत असेल तर बेळगावच्या मतदानाच्या दिवशी. ज्यांच्या गैरहजेरीनं धोका किंवा मोठं नुकसान होईल अशांचा तेवढा अपवाद. मालकाला दंड फक्त ५०० रुपयांपर्यंत, त्यामुळे धाक बेताचाच.

एकदा मत दिलं नाही तर नाव कापतात किंवा दंड बसतो, असंही ऐकू येतं. याचं मूळ बहुधा गुजरातेत आहे. तिथं स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचं करणारा कायदा झाला होता, पण २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. मत न दिल्याबद्दल नाव कापलं जात नाही. नाव जातं ते दुसऱ्या कारणांनी: पत्त्यावर माणूस सापडला नाही, पडताळणीचा अर्ज परत आला नाही. नोव्हेंबर २०२५ पासून ९ राज्यं आणि ३ केंद्रशासित प्रदेशांत यादीची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. त्यात गोवा, गुजरात आणि मध्य प्रदेश होते. अशा वेळी बीएलओ घरी येतो तेव्हा मुलगा होस्टेलवर असतो, आणि तो इथंच राहतो की नाही हे आजीला सांगावं लागतं.

तरुण उमेदवार दिला की तरुण मतं मिळतात, हा पक्षांचा लाडका समज. २०२४ मध्ये चिक्कोडीतून प्रियांका जारकीहोळी २७ व्या वर्षी आणि बिदरमधून सागर खंड्रे २६ व्या वर्षी खासदार झाले. दोघांचेही वडील कर्नाटकात मंत्री. वय नवं, आडनाव ओळखीचं. त्या विजयात वयाचा वाटा किती होता ते कोण सांगणार? लोकसभा-विधानसभेला उभं राहायला २५ वर्षं पूर्ण लागतात, ग्रामपंचायत-नगरपालिकेला २१. म्हणजे मत दिल्यावर निदान तीन वर्षं थांबणं आलंच.

राहिला पदवीधर मतदारसंघ. कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगणात विधान परिषद आहे, गोवा, गुजरात आणि मध्य प्रदेशात नाही. बेळगाव, विजयपूर आणि बागलकोट मिळून कर्नाटकाचा वायव्य पदवीधर मतदारसंघ होतो. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर मिळून पुणे पदवीधर. इथं नेहमीच्या यादीतलं नाव कामाचं नाही आणि मागच्या वेळचं नावही नाही. दर वेळी यादी कोऱ्या कागदावरून तयार होते. १ नोव्हेंबर ही तारीख धरून पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत, आणि फॉर्म १८ भरायचा. पुणे पदवीधरची निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली होती, वायव्य पदवीधरची जून २०२२ मध्ये, आणि मुदत सहा वर्षांची.